जिंकूनही हात रिकामेच!

जुगारात जिंकलेला माणूस रिकाम्या खिशाने घरी परततो, हे ऐकून कोणालाही आश्चर्य वाटेल. जपानमधील गेम सेंटरमध्ये मात्र गेल्या अर्धशतकापासून हेच घडत आहे. येन मोजून धातूची मेडल्स घ्यायची, ती यंत्रात टाकून पैज लावायची आणि जिंकलेली मेडल्स पुन्हा खेळण्यासाठी वापरायची किंवा त्याच केंद्रातील आपल्या खात्यात जमा करायची. त्यांचे पैसे मिळत नाहीत, बक्षीस मिळत नाही आणि ती घरीही नेता येत नाहीत. 'मेडल गेम' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रकारात 'सेगा' कंपनीच्या विकास विभागाने मोठी कामगिरी केली. त्या विभागाची वाटचाल म्हणजे कायदा, करमणूक आणि व्यापार यांच्यातील ओढाताणीचा इतिहासच होय.

'सेगा' हे नाव 'सर्व्हिस गेम्स' या शब्दांच्या आद्याक्षरांपासून बनले. अमेरिकी लष्करी तळांना स्लॉट मशीन पुरविणे हा या व्यवसायाचा मूळ धंदा होता. १९६५ मध्ये डेव्हिड रोझेन यांच्या कंपनीशी विलीनीकरण होऊन 'सेगा एंटरप्रायझेस' अस्तित्वात आली आणि १९६६ च्या 'पेरिस्कोप' या खेळाने तिला करमणुकीच्या यंत्रांच्या क्षेत्रात मानाचे स्थान मिळवून दिले. १९७० च्या दशकात 'सिग्मा' कंपनीने जपानमध्ये मेडल गेम रुजवला. १९७५ मध्ये 'निन्टेन्डो'नेही 'ईव्हीआर रेस' हा घोड्यांच्या शर्यतीचा खेळ आणला. 'सेगा'साठी मात्र मेडल गेम म्हणजे आपल्या जुन्या धंद्याकडे वेगळ्या वाटेने परतणेच होते.

कायद्याची चौकट

जपानच्या दंडसंहितेनुसार जुगार हा गुन्हा आहे. सरकारी देखरेखीखालील घोड्यांच्या शर्यतींसारखे मोजके अपवाद तेवढे कायद्यानेच केलेले आहेत. पाचिंकोमध्ये जिंकलेले बक्षीस दुसऱ्या दुकानात विकून रोख रक्कम मिळविण्याची पळवाट निघाली. गेम सेंटरना तशी मुभा मिळाली नाही. १९८५ मध्ये अमलात आलेल्या दुरुस्तीने ही केंद्रे करमणूक व्यवसाय नियंत्रण कायद्याच्या कक्षेत आली. त्यांना परवाना आणि वेळेचे बंधन लागू झाले, तसेच खेळाच्या निकालावर बक्षीस देण्यास मनाई झाली.

पैशाचे आमिष नसताना माणसाला यंत्रासमोर बसवायचे कसे, हा प्रश्न अभियंत्यांपुढे उभा राहिला. 'सेगा'चे पहिले उत्तर भव्यतेचे होते. १९८८ च्या 'वर्ल्ड डर्बी'त आणि नंतरच्या 'रॉयल अॅस्कॉट'मध्ये छोट्या प्रतिकृतीतील घोडे खऱ्याखुऱ्या पटावर धावत आणि भोवती बसलेले खेळाडू एकाच शर्यतीवर पैज लावत. दुसरे उत्तर अधिक खोलवरचे होते. २००० मध्ये आलेल्या 'स्टारहॉर्स'मध्ये खेळाडूला स्वतःचा घोडा पाळण्याची, त्याला तयार करून शर्यतीत उतरविण्याची सोय होती. घोड्याची माहिती कार्डावर साठवली जाई. त्यामुळे खेळाडू केवळ मेडलसाठी नव्हे, तर 'आपल्या' घोड्यासाठी पुन्हा येऊ लागला. 'स्टारहॉर्स २' २००५ मध्ये, तर 'स्टारहॉर्स ३' २०११ मध्ये आला.

या यशाला दुसरी बाजूही आहे, हे विसरून चालणार नाही. जिंकलेल्या मेडलला बाजारात किंमत नसली, तरी हरलेल्या मेडलसाठी खेळाडूने खरेच पैसे मोजलेले असतात. हा निव्वळ वेळ घालविण्याचा मोबदला की सवयीची किंमत, हा प्रश्न कायद्याने सोडविलेला नाही. त्याने फक्त लाभाची शक्यता काढून टाकली आहे.

कॅसिनोची चाहूल

२००४ मध्ये पाचिस्लॉट यंत्रे बनविणाऱ्या 'सॅमी'शी हातमिळवणी होऊन 'सेगा सॅमी होल्डिंग्ज' स्थापन झाली. २०१३ मध्ये या समूहाने कॅसिनो यंत्रांसाठी 'सेगा सॅमी क्रिएशन' ही कंपनी काढली. अनेक खेळाडूंना एकाच वेळी खेळविणाऱ्या यंत्रांचा मेडल गेममधील अनुभव येथे उपयोगी पडणारा होता. २०१७ मध्ये समूहाची भागीदारी असलेले 'पॅराडाइज सिटी' हे कॅसिनो संकुल दक्षिण कोरियातील इंचॉन येथे सुरू झाले. जपाननेही २०१६ आणि २०१८ मध्ये कायदे करून कॅसिनोला दार उघडले. 'सेगा सॅमी'ची नजर योकोहामावर होती. परंतु २०२१ च्या महापौरपदाच्या निवडणुकीत कॅसिनोविरोधी उमेदवार निवडून आला आणि शहराने माघार घेतली. पुढे २०२३ मध्ये सरकारने मंजुरी दिली ती ओसाकाच्या प्रकल्पाला.

दरम्यान, पायाखालची जमीन सरकत होती. १९८० च्या दशकाच्या मध्यास जपानमध्ये सुमारे २६ हजार गेम सेंटर होती. २०१९ पर्यंत ती चार हजारांच्या आसपास उरली. त्यात कोरोनाची भर पडली. २०२० च्या अखेरीस 'सेगा सॅमी'ने आपल्या गेम सेंटर कंपनीतील ८५.१ टक्के हिस्सा 'जेंडा'ला विकला आणि २०२२ मध्ये उरलेला हिस्साही दिला. केंद्रांच्या पाट्यांवरील 'सेगा'च्या जागी 'गिगो' हे नाव आले. यंत्रे बनविणे सुरू राहिले, पण ती जेथे मांडायची ती दुकाने परक्यांची झाली.

बंधनामुळे कल्पकतेला धार येते, याचा मेडल गेम हा उत्तम दाखला आहे. पैसे देता येत नव्हते, म्हणून 'सेगा'च्या अभियंत्यांना माणसाच्या मनातील पैजेची ओढ समजून घ्यावी लागली. आता तेच कौशल्य पैसे देणाऱ्या यंत्रांकडे वळत आहे. ओसाकातील कॅसिनो उघडेल तेव्हा रिकाम्या हाताने उठणाऱ्या त्या जुन्या खेळाडूला मेडलचा निरुपद्रवी खणखणाट पुरेसा वाटेल काय, हाच खरा प्रश्न आहे.