वर्षाला पाच भाषा? आधी तासांचा हिशेब मांडा

डिसेंबर सरत आला की काही उत्साही मंडळींच्या वहीत एक तक्ता उगवतो. जानेवारी ते मार्च जर्मन. एप्रिलपासून जपानी, म्हणजे जुलैची एन५ ही पहिल्या पातळीची परीक्षा पदरात पडेल. पावसाळ्यात फ्रेंच, दिवाळीपर्यंत स्पॅनिश, आणि वर्षाच्या शेवटी कोरियन, कारण त्या मालिका सबटायटलशिवाय बघायच्या आहेत. पुण्यात तर अशा तक्त्याला लागणारं सगळं हाताशी असतं: मॅक्सम्युलर भवन, आलियाँस फ्रान्सेझ, फर्ग्युसन रस्त्यावरचं रानडे इन्स्टिट्यूट, गल्लोगल्ली जपानीचे खाजगी वर्ग. घराबाहेर पडायचं नसेल तर मोबाइलवरचं भाषा शिकवणारं हिरवं घुबड आहेच.

हा तक्ता मला मान्य नाही. तो पाहून नाक मुरडणाऱ्यांचं म्हणणंही मान्य नाही. तेव्हा भांडण दोन्ही बाजूंशी आहे.

पूर्वपक्ष नीट मांडल्याशिवाय खंडनाला हात घालू नये, ही आपल्याकडची जुनी शिस्त. तक्तेवाल्यांचं म्हणणं असं की, जगात अशी माणसं होऊन गेली आहेत, मग आपल्याला का जमू नये? दुसरं, एक परकी भाषा आली की पुढची सोपी जाते, म्हणून एकदम चार-पाच धरल्या तर एकीचा फायदा दुसरीला मिळतो. आणि तिसरं, प्राथमिक पातळी तीन महिन्यांत होते हे प्रमाणपत्रच सांगतं. मग वर्षाला चार-पाच भाषा हे साधं गणित झालं.

पहिल्या मुद्द्यासाठी ज्यांचं नाव हटकून पुढे येतं ते ट्रॉयचं उत्खनन करणारे हाइनरिश श्लीमान. १८४०च्या दशकात, विशीतला हा जर्मन तरुण ॲम्स्टरडॅमच्या एका पेढीत फुटकळ पगारावर निरोप पोचवण्याचं काम करत होता. त्याच्याच आत्मकथनाप्रमाणे त्याने इंग्रजी सहा महिन्यांत, फ्रेंच पुढच्या सहा महिन्यांत आणि नंतर डच, स्पॅनिश, इटालियन, पोर्तुगीज प्रत्येकी सहा आठवड्यांत आत्मसात केली. रशियनला शिक्षक मिळेना, तर त्याने एका फ्रेंच कादंबरीचं रशियन भाषांतर मिळवून पाठ केलं. ते ऐकायला कुणीतरी हवं म्हणून आठवड्याला चार फ्रँक देऊन एका गरीब ज्यू म्हाताऱ्याला रोज समोर बसवलं. त्या बिचाऱ्याला रशियनचं अक्षरही कळत नव्हतं. या मोठ्याने घोकण्याने शेजारी इतके वैतागले की श्लीमानना दोनदा बिऱ्हाड बदलावं लागलं.

किस्सा झकास आहे. पण तो सांगणारे स्वतः श्लीमान आहेत, आणि स्वतःबद्दल तिखटमीठ लावून सांगण्याबद्दल अभ्यासकांनी त्यांना पुष्कळदा धारेवर धरलं आहे, हे एक. ते सोडून देऊ आणि सगळं खरं धरू. तरी या हकिकतीतून काय निघतं? पहिलं अख्खं वर्ष दोनच भाषांना गेलं, तेही एकीमागून एक. सहा आठवड्यांचा चमत्कार सुरू झाला तो त्यानंतर. डच ही जर्मनची सख्खी शेजारीण, आणि बाकीच्या तिघी फ्रेंचच्या बहिणी. शिवाय रशियन शिकून ती वहीत ठेवली नाही. नीळ विकण्याच्या धंद्यात ती रोज वापरली, त्यासाठी माणूस सेंट पीटर्सबर्गला जाऊन राहिला. तक्तेवाल्यांनी श्लीमानचं नाव जरूर घ्यावं, पण मग जानेवारी ते डिसेंबर दोनच रकाने भरावेत.

आता तासांकडे येऊ. नोकरी करणाऱ्या, हिंजवडीहून घरी पोचेपर्यंत निम्मा जीव गेलेल्या माणसाला रोज दोन तास काढणं म्हणजे चैनच. पण काढले असं समजू. वर्षाचे झाले ७३० तास. जर्मन शिकवणारं ग्योटे इन्स्टिट्यूट तासिका ४५ मिनिटांची धरतं, म्हणजे साधारण ९७० तासिका. त्यांच्याच अंदाजाप्रमाणे शून्यापासून ए१ ही सर्वात खालची पातळी गाठायला ८० ते २००, बी१ गाठायला ३५० ते ६५० आणि बी२ गाठायला ६०० ते ८०० तासिका लागतात. सगळं वर्ष एका जर्मनला दिलं तर बी२ ओलांडून पुढे जाता येतं. पाच वाटे केले तर प्रत्येकीच्या वाट्याला १९४ तासिका येतात. म्हणजे पाच वेळा ए१. आणि हे जर्मनच्या मापाने झालं, जपानी-कोरियनला ते पुरेलच असं नाही.

ए१वाल्याला नाव-गाव सांगता येतं, किती वाजले विचारता येतं, कॉफी मागवता येते, आणि समोरचा सावकाश व कनवाळूपणे बोलला तर थोडंफार कळतं. जपानीची एन५ तर बोलायलाही लावत नाही. त्या परीक्षेत ऐकणं आहे, वाचणं आहे, पण तोंड उघडण्याचा भागच नाही. आता नोकरीचं पाहा. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. तिकडे परिचारिका म्हणून पूर्ण मान्यता हवी असेल तर साधारणपणे बी२ मागतात. पाच ए१ प्रमाणपत्रं एकत्र केली म्हणून एक बी२ होत नाही.

‘नोकरीसाठी कोण शिकतंय, आम्ही आनंदासाठी शिकतो,’ असं कुणी म्हणेल. ठीक आहे. मग हा आनंद टिकतो किती, ते पाहू. हॅरी बाहरिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. शाळा-कॉलेजात स्पॅनिश शिकलेल्या वा शिकत असलेल्या ७३३ जणांना त्याने तपासलं. काहींचं शिक्षण नुकतंच संपलं होतं, काहींना पन्नास वर्षं होऊन गेली होती. पहिल्या तीन ते सहा वर्षांत विसरणं भराभर होतं आणि मग ते थांबतं. जे उरतं ते पुढे पंचवीस-तीस वर्षं जवळपास तसंच राहतं, मधल्या काळात भाषेला हात लावला नसला तरी. पण किती उरणार हे मुख्यतः एकाच गोष्टीवर ठरतं, ती म्हणजे मुळात अभ्यास किती पुढपर्यंत नेला होता. ज्यांनी बरीच वर्षं शिकून चांगले गुण मिळवले होते त्यांच्याकडे पुंजी राहिली. ज्यांनी जेमतेम सुरुवात केली होती त्यांच्याकडे नाव घेण्याजोगं फारसं उरलं नाही. म्हणजे प्रत्येक भाषेला एक उंबरठा असतो. तो ओलांडण्याआधी जो परत फिरतो, त्याचे तास जवळपास पाण्यात जातात. तक्त्याची गंमत अशी की तो पाच उंबरठ्यांपर्यंत नेतो आणि पाचही ठिकाणांहून माघारी आणतो.

याच बाहरिकने पुढे आपल्या कुटुंबालाच कामाला लावलं. घरातल्या चौघांनी परक्या भाषेतले तीनशे शब्द पाठ केले आणि वेगवेगळ्या अंतराने त्यांची उजळणी केली. १९९३ मध्ये निष्कर्ष आले. ५६ दिवसांच्या अंतराने केलेल्या १३ उजळण्यांनी जेवढं टिकलं, तेवढं टिकवायला १४ दिवसांच्या अंतराने २६ उजळण्या लागल्या. म्हणजे अंतर वाढवलं की निम्म्या कष्टात काम होतं. मात्र ५६ दिवसांच्या अंतराने तेरा उजळण्या करायच्या तर दोन वर्षं लागतात. वर्षात पाच भाषा बसवणाऱ्याच्या वहीत ही दोन वर्षं कुठून येणार? मार्चमध्ये जर्मन संपली, ती पुन्हा उघडायला रकानाच नाही.

राहिला ‘एकीचा दुसरीला फायदा’. हा मुद्दा खोटा नाही, पण तो लागू होतो ती पहिली भाषा पक्की झाल्यावर. दोन कच्च्या परक्या भाषा शेजारी ठेवल्या की त्या एकमेकींना मदत करत नाहीत, एकमेकींच्या जागेवर बसतात. जपानीच्या वर्गात ‘पण’ म्हणायला तोंड उघडावं, तर मराठी ‘पण’ आडवा येत नाही, गेल्या महिन्यातलं जर्मन ‘आबर’ बाहेर पडतं. आदल्या परक्या भाषेची ही घुसखोरी तिसऱ्या भाषेच्या अभ्यासकांनी नोंदवून ठेवली आहे. नात्यातल्या भाषा असतील तर विचारूच नका. इटालियनमध्ये ‘बुर्रो’ म्हणजे लोणी आणि स्पॅनिशमध्ये ‘बुर्रो’ म्हणजे गाढव. दोन्ही अर्धवट शिकलेल्याने माद्रिदला न्याहारी मागवताना जपून राहावं.

इथवर तक्तेवाल्यांचं झालं. आता नाक मुरडणारे.

‘आधी मराठी तरी धड लिहा, मग परक्या भाषांचे चोचले करा,’ हे वाक्य आपल्याकडे फार ऐकू येतं. डोकं म्हणजे ठरावीक मापाची बरणी आहे, परकी भरली की मराठी सांडते, असं या लोकांना वाटतं. अनुभव उलटा सांगतो. ‘मी आंबा खाल्ला’ आणि ‘मी पोळी खाल्ली’ यांत क्रियापद माझ्याकडे ढुंकूनही न पाहता आंब्यापोळीच्या मागे जातं, हे जन्मभर मराठी बोलूनही किती जणांच्या ध्यानात आलेलं असतं? परकं व्याकरण शिकायला बसलं की पहिला उजेड घरच्या व्याकरणावर पडतो. इंग्रज पाद्री थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्याला आले. त्यांचं मराठीतलं ‘ख्रिस्तपुराण’ छापून झालं १६१६ मध्ये. सदतीस वर्षं. त्याच माणसाने कोकणीचं व्याकरणही लिहिलं, आणि म्हणून त्यांचं इंग्रजी बुडालं असं कुणी म्हटल्याचं ऐकिवात नाही.

‘आता फोनच भाषांतर करतो,’ असं म्हणणाऱ्यांना एवढंच विचारतो: रात्री तीन वाजता वॉर्डातली आजी कण्हत, अर्धे शब्द गिळत काहीतरी सांगते आहे, तेव्हा नर्सने फोन तिच्या तोंडाशी धरायचा का?

मग करावं काय? वर्षाला एक भाषा मुख्य धरा. ती उंबरठ्यापार न्यायचीच, म्हणजे निदान बी१. पुस्तक हातात घेतलं तर रखडत का होईना पुढे सरकतं आणि बोलताना समोरच्याला इंग्रजीचा आसरा घ्यावासा वाटत नाही, इथपर्यंत. जमलं तर वर्षाच्या शेवटच्या तिमाहीत दुसरीची तोंडओळख करा, पण ती पहिलीच्या नात्यातली नको. पुढच्या वर्षी दुसरी मुख्य होईल आणि पहिली वाचनावर जगेल. या गतीने, एखाद्या भाषेला जास्त वर्षं लागली तरी, दहा वर्षांत पाच भाषा होतात आणि पाचही जिवंत राहतात. घाई करणाऱ्याकडे दहा वर्षांनी काय उरेल, ते बाहरिकच्या ७३३ जणांना विचारावं.

आणि ही मुख्य भाषा निवडताना परक्यांचे तक्ते डोळे मिटून वापरू नयेत. अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षण संस्थेचा एक तक्ता सगळीकडे फिरतो. त्यात स्पॅनिश-फ्रेंच सर्वात सोप्या गटात, हिंदी त्याहून अवघड, म्हणजे ११०० तासांच्या गटात, आणि जपानी सर्वात अवघड, २२०० तासांची. फ्रेंचपेक्षा हिंदी अवघड! हा तक्ता कुणासाठी बनवला आहे ते नागपूरकराला वेगळं सांगायला नको.

मराठी माणसाचं भांडवल निराळं आहे. जपानी वाक्यात कर्ता, कर्म आणि शेवटी क्रियापद. आपण ‘टोक्योहून’ म्हणतो, जपानी माणूस ‘तोक्यो-कारा’. इंग्रजासारखं आधी ‘फ्रॉम’ म्हणून गावाची वाट पाहावी लागत नाही, शेपूट नावाच्या मागेच लागतं. जर्मनमध्ये ‘वाइल इश क्रांक बिन’ हे वाक्य इंग्रजी माध्यमाची मुलं हमखास चुकवतात, कारण क्रियापद शेवटी का गेलं ते त्यांना कळत नाही. त्यांना म्हणावं, शब्दाला शब्द ठेवून मराठीत बोला: ‘कारण मी आजारी आहे.’ झालं. तीन लिंगांचंही तसंच. कोणत्या वस्तूचं लिंग कोणतं हे पाठच करावं लागतं, पण निर्जीव टेबलाला लिंग कशाला, असा बाळबोध प्रश्न आपल्याला पडत नाही. अर्थात हे भांडवल सगळीकडे चालत नाही. जपानीत रोजच्या वापराच्या म्हणून ठरवलेल्या २१३६ कांजी चिन्हांपुढे मराठी-इंग्रज सगळे सारखेच निरक्षर. वर्गात जर्मन किंवा जपानी इंग्रजीतून शिकवतात म्हणून हा घरचा फायदा हातचा जातो, याबद्दल मात्र कुणी तक्रार करताना दिसत नाही.

माझ्या या सगळ्या युक्तिवादाला एक अपवाद आहे. अजिंठ्याच्या किंवा वेरूळच्या लेण्यांत पर्यटकांना माहिती सांगून पोट भरणारा माणूस. त्याने एका वर्षात जपानी, कोरियन, स्पॅनिश, फ्रेंच आणि जर्मन अशा पाच भाषांतली साठ-सत्तर वाक्यं घोटून घेतली, तर त्याला मी अवाक्षर बोलणार नाही. त्याला कादंबरी वाचायची नाही. ‘पायरी उंच आहे, सांभाळा’, ‘इथे फ्लॅश चालत नाही’, ‘हा पद्मपाणी’ एवढं त्याला बिनचूक म्हणायचं आहे, आणि पर्यटकांचा हंगाम दरवर्षी त्याची उजळणी फुकटात करून घेतो. बाहरिकचे आकडे त्याला लागू नाहीत, कारण तो शिकून थांबतच नाही. तक्तेवाल्यांपैकी कुणाकडे असा हंगाम असेल तर त्याने पाचच काय, सात रकाने आखावेत.