काचेची पट्टी, हरवलेली कळ
कॉलेजातल्या मुलामुलींसाठी जुना मॅकबुक प्रो घ्यावा का, असे पालक आम्हाला विचारतात. २०१६ मध्ये अ‍ॅपलने त्यात वरच्या फंक्शन कळांच्या जागी स्पर्शाने चालणारी पट्टी, टच बार, बसवली. व्हिडिओ पुढेमागे सरकवायला ती झकास! पण कळ बोटाला न बघता सापडते, काचेवर मात्र दर वेळी नजर खाली न्यावी लागते. एस्केपची कळही त्या पट्टीतच गेली. प्रोग्रामिंग शिकणाऱ्याला ती घडोघडी लागते. २०१९ च्या १६ इंची मॉडेलवर ती परत आली आणि २०२१ च्या १४ व १६ इंची मॉडेलांत तर पट्टीच राहिली नाही. आमचे मत विचाराल, तर पट्टीसाठी एक रुपयाही जादा देऊ नका. तरी घेणारच असाल, तर एस्केपची वेगळी कळ असलेलाच निवडा आणि पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत उजळते का, हे दुकानातच बोट फिरवून पाहा.