कुटुंब म्हणजे कोण?



आमच्या शहराची तहान जायकवाडी भागवते, त्यामुळे धरणांबद्दल आम्ही संभाजीनगरकर जरा जपूनच बोलतो. तरीही सरदार सरोवराचा एक कागद मला स्वस्थ बसू देत नाही. नर्मदा लवादाने 1979 साली कुटुंबाची व्याख्या केली : नवरा, बायको, अज्ञान मुले आणि कुटुंबप्रमुखावर अवलंबून असलेली माणसे, उदाहरणार्थ विधवा आई. प्रत्येक सज्ञान मुलगा मात्र स्वतंत्र कुटुंब. सज्ञान मुलीचा उल्लेखच नाही! निंदणी करणारी, डोंगरातून मोहफुले वेचून आणणारी बाई मोजणीच्या वेळी कुणाची तरी अवलंबित ठरली. राज्यांनी पुढे थोडीफार भर घातली, पण मूळ चौकट तीच.

1450 मेगावॅटमधली 27 टक्के वीज महाराष्ट्राच्या वाट्याची, आणि नंदुरबारची 33 आदिवासी गावे बाधित. हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही, म्हणजे त्यातल्या 1994 आणि 2005 च्या दुरुस्त्यांचाही या मुलींना आधार नाही.

2013 च्या भूसंपादन कायद्याने सज्ञान स्त्री, विधवा, घटस्फोटिता, परित्यक्ता यांना स्वतंत्र कुटुंब मानले. मणिबेलीची घरे पाण्यात जाऊन तेव्हा वीस वर्षे झाली होती.

आता सह्याद्रीत उदंचन जलविद्युत प्रकल्पांची आखणी चालू आहे. जिथे भूसंपादन होईल तिथल्या गटांनी बाधितांच्या याद्या लागताच वाचाव्यात. एकट्या बायकांची नावे नसतील तर मुदतीत लेखी हरकत द्यावी, आणि तिची पोच मागून घ्यावी.