मुंगीला कोण विचारतो?

वाघ वाचवा, मोर वाचवा, असे फलक तुम्ही पाहिले असतील. पण 'मुंगी वाचवा' असा फलक कोणी पाहिला आहे का? मी तरी पाहिलेला नाही. सुंदर आणि मोठ्या प्राण्यांची आपण काळजी करतो. लहान जीव पायाखाली चिरडले जातात, त्याचा आपल्याला पत्ताही लागत नाही. ही सवय चांगली नाही, असे माझे मत आहे. इंग्लंडमधील एका फुलपाखराची हकिकत वाचा, म्हणजे तुम्हांलाही ते पटेल.

या फुलपाखराचे नाव 'लार्ज ब्लू'. निळे पंख आणि त्यांवर काळे ठिपके. त्याची संख्या वर्षानुवर्षे घटत होती. फुलपाखरे पकडून पेटीत टाचून ठेवणारे शौकीन तेथे पुष्कळ होते. साहजिकच दोष त्यांच्यावर आला. त्यांना रोखण्यासाठी एके ठिकाणी कुंपणही घातले गेले. तरी फुलपाखरे कमीच होत गेली आणि १९७९ साली ती ब्रिटनमधून नाहीशी झाली.

असे का झाले? जेरेमी थॉमस या शास्त्रज्ञाने १९७० नंतरच्या दशकात, शेवटची फुलपाखरे उरली होती तेथेच राहून, त्यांच्या जीवनाचा अभ्यास केला. हे फुलपाखरू थाइम नावाच्या वनस्पतीवर अंडी घालते. (आपल्या ओव्यात जे सुगंधी द्रव्य असते, तेच थाइममध्येही असते.) सुरवंट दोन-तीन आठवडे तिची फुले खातो आणि मग जमिनीवर पडतो. तेथे 'मिर्मिका' जातीच्या मुंग्या त्याला भेटतात. या मुंग्या तांबूस, जेमतेम चार-पाच मिलिमीटर लांबीच्या. जमिनीत घर करून राहतात. थंड प्रदेशांत त्या आढळतात. आपल्याकडे हिमालयातही आहेत. सुरवंटाच्या अंगातून गोड रस पाझरतो आणि तो मुंगीच्या अळीचे सोंगही घेतो. मुंगी फसते. आपलेच बाळ समजून ती त्याला उचलून घरी नेते. हा पाहुणा तेथे सुमारे दहा महिने राहतो आणि मुंग्यांच्याच अळ्या खाऊन गलेलठ्ठ होतो! मुंगीच्या दृष्टीने पाहिले तर हा सौदा अगदी तोट्याचा आहे.

सुरवंट मुंग्यांच्या घरात वाढतो, हे लोकांना आधीही माहीत होते. पण कोणत्या मुंगीच्या? तांबड्या मुंग्या सगळ्या सारख्याच, असे समजून ती गोष्ट सोडून दिली गेली. थॉमस यांनी दाखवून दिले की 'मिर्मिका सॅब्युलेटी' या एकाच प्रकारच्या मुंग्यांच्या घरात पुरेसे सुरवंट जगतात. तिच्या बहिणी शोभतील अशा इतर मिर्मिका मुंग्यांच्या घरांत बहुतेक सुरवंट मरतात. भिंगातून पाहिल्याशिवाय या मुंग्यांमधील फरक कळत नाही.

सॅब्युलेटीला उबदार माती लागते. गवत आखूड असेल तरच ऊन मातीपर्यंत पोहोचते. तेथील टेकड्यांवर पूर्वी मेंढ्या आणि गुरे चरत. पुढे चराई कमी झाली. १९५३ नंतर साथीच्या रोगाने असंख्य ससे मेले. गवत वाढले, माती थंड झाली आणि ही मुंगी निघून गेली. ज्या कुंपणाने शौकिनांना अडवले, त्यानेच गुरांनाही अडवले होते! कुंपण घालणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. त्यांनी पंख पाहिले, माती पाहिली नाही, एवढेच. सापडेल त्याला गुन्हेगार ठरवणे सोपे असते. गवतात गुडघे टेकून मुंग्या मोजणे कठीण असते.

१९८३ मध्ये स्वीडनमधून हे फुलपाखरू पुन्हा इंग्लंडमध्ये आणले गेले. पण त्याआधी झुडपे तोडून, गुरे चारून मुंगीसाठी जागा तयार केली होती. आता सॉमरसेट परगण्यातील कॉलर्ड हिल या टेकडीवर जून महिन्यात लोक कॅमेरे घेऊन निळी फुलपाखरे पाहायला येतात. गवत आखूड राहावे म्हणून तेथे जनावरे चारली जातात.