खळ लावण्यापूर्वी

रंगपेटी आणि कुंचला यांवाचून चित्र संभवत नाही, ही समजूत आपल्या समाजात इतकी खोलवर रुजली आहे की, कागदाचे कपटे निवडून, कापून, फाडून आणि एकमेकांशेजारी बसवून जे चित्र सिद्ध होते त्याला आपण शाळेतील ‘चिकटकाम’ या सदराखाली टाकतो, प्राथमिक इयत्ता संपल्या की त्याचा विचार सोडून देतो, आणि एखादा प्रौढ मनुष्य त्यात रमलेला दिसला तर तो फावल्या वेळचा उद्योग आहे असे गृहीत धरतो. ही समजूत चुकीची आहे, आणि जालन्यासारख्या जिल्ह्याचे तिच्यामुळे नुकसान होत आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. कोलाज ही पूर्ण योग्यतेची चित्रकला आहे. तिचे मर्म डिंकात किंवा कात्रीत नसून निवडीत, मांडणीत आणि निर्णय लांबणीवर टाकण्याच्या संयमात आहे. आणि हा संयम ज्या रीतीने ती शिकविते त्या रीतीने शिकविणारे दुसरे स्वस्त साधन आपल्या शाळांपाशी क्वचितच असेल.

कोलाजकाराच्या कामाचा आरंभ संग्रहापासून होतो. या दृष्टीने जालना हे भाग्यवान गाव आहे. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी येथे महिको या बियाणे कंपनीची स्थापना केली, तेव्हापासून बियाण्यांचा व्यापार हा या गावाचा लौकिक ठरला, आणि परिणामी कापसाचे बोंड, तांबडी मिरची, हिरवी भेंडी यांच्या तकतकीत चित्रांनी मढलेली रिकामी पाकिटे दर पेरणीनंतर बांधाबांधावर पडलेली दिसतात. त्यांच्या जोडीला अंबड-घनसावंगीकडच्या मोसंबीच्या पेट्यांत घातलेले वर्तमानपत्राचे कागद, लोखंडाच्या कारखान्यांची बाद झालेली चलने, संक्रांतीनंतर तारांवर लोंबणारे पतंगी कागद, लग्नसराईतील सोनेरी पत्रिका, जुन्या दिनदर्शिकांची पाने, आणि रद्दीच्या दुकानात शेजारी शेजारी पडलेली मराठी, हिंदी व उर्दू वर्तमानपत्रे, एवढा ऐवज ज्या गावात विनामूल्य अथवा किलोच्या भावाने मिळतो, तेथे साहित्याच्या अभावी चित्रकला खुंटली असे म्हणण्यास जागा राहत नाही. मात्र हा ऐवज गोळा करणे निराळे आणि त्याची प्रतवारी लावणे निराळे. जाणता कोलाजकार आपले कागद विषयवार ठेवीत नाही. तो ते रंगाच्या छटेने, पोताने, जाडीने आणि चकाकीने वेगळे करतो, कारण मिरचीच्या पाकिटातील तांबडा रंग त्याला मिरचीसाठी नव्हे, कदाचित मावळतीच्या आभाळासाठी हवा असतो. छापील वस्तूचा तिच्या मूळ अर्थाशी असलेला संबंध सोडवून तिच्याकडे केवळ वर्ण आणि आकार म्हणून पाहणे, ही या कलेतील पहिली साधना होय.

दुसरी साधना हाताची आहे, आणि ती किती सूक्ष्म आहे हे ज्याला पाहावयाचे असेल त्याने आजचा हा अंक वाचून झाल्यावर त्याचेच एक पान घ्यावे. ते वरून खाली फाडले तर फाट बहुतेक सरळ उतरते. तेच आडवे फाडू गेले तर ती वाकडीतिकडी पळते, कारण कागद तयार होताना त्यातील तंतू यंत्राच्या गतीच्या दिशेने निजतात. रंगीत छपाईचा जाड कागद छापील बाजू वर ठेवून आपल्याकडे ओढीत फाडला, तर दोहोंपैकी एका तुकड्याच्या कडेला पांढरी, केसाळ किनार उमटते, आणि दुसऱ्या तुकड्याची कड रंगीतच राहते. त्या पांढऱ्या किनारीचा उपयोग कोणी नदीच्या फेसासाठी करील, कोणी ढगाच्या कडेसाठी करील; परंतु ती कोठे हवी आणि कोठे नको हे फाडण्यापूर्वी ठरवावे लागते. कात्रीने कापलेली कड निश्चयात्मक असते, फाडलेली कड सौम्य असते, आणि एकाच चित्रात या दोन्हींचे प्रमाण राखणे हे रेखाकाराच्या जाड-बारीक रेषेइतकेच जोखमीचे काम आहे. खळीचेही शास्त्र आहे. आपले पुस्तकबांधणी करणारे कारागीर पिठाची खळ शिजविताना कसर लागू नये म्हणून तीत मोरचूद घालतात. ओली खळ लागताच कागद फुगतो, वाळताना आक्रसतो आणि खालच्या पुठ्ठ्याला ओढून वाकवितो, म्हणून पाठीमागच्या बाजूसही तितकाच कागद चिकटवून तो ताण सारखा करावा लागतो. ज्या उद्योगाला आपण पोरखेळ समजतो त्याच्या पोटात एवढी कारागिरी आहे.

परंतु कारागिरी म्हणजे अद्याप कला नव्हे. तुकडे तयार झाल्यावर आणि खळ लागण्यापूर्वी जो काळ जातो, त्या काळात चित्र जन्मास येते. आंरी मातीस या थोर फ्रेंच चित्रकाराचे उदाहरण या बाबतीत अत्यंत बोधप्रद आहे. १९४१ साली झालेल्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर त्याला उभे राहून दीर्घकाळ रंगविणे अशक्य झाले, तेव्हा साहाय्यकांकडून पांढरे कागद अपारदर्शक जलरंगाने रंगवून घेऊन तो ते खुर्चीत किंवा बिछान्यात बसून कात्रीने कापू लागला. आणि कापलेले आकार लगेच न चिकटविता टाचण्यांनी भिंतीवर लावून, दिवसेंदिवस त्यांच्या जागा बदलवून, समाधान झाल्यावरच त्यांना कायमचे स्थान देऊ लागला. १९४७ साली प्रसिद्ध झालेला त्याचा ‘जॅझ’ हा चित्रग्रंथ या कागदी आकारांतूनच घडला. रंगाने काम करणाऱ्यास एकदा ओढलेला फटकारा खोडणे कठीण जाते. कोलाजकारास मात्र खळ लागेपर्यंत प्रत्येक निर्णयाचा फेरविचार करण्याची मुभा असते, आणि ही मुभाच त्याची कसोटी पाहते, कारण पर्याय अगणित असता योग्य तो ओळखून तेथे थांबणे यासाठी अंतःकरणाची मोठी शिस्त लागते.

आपल्याच मातीतल्या वासुदेव गायतोंडे यांचे नाव येथे घेतले पाहिजे. १९२४ साली नागपुरात जन्मलेल्या आणि मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या या चित्रकाराला कोलाजकार म्हणता येणार नाही, कारण त्यांच्या चित्रफलकावर कागद शिल्लक राहत नाही. तथापि वर्तमानपत्रांचे आणि मासिकांचे फाडलेले तुकडे रंगासह फलकावर ठेवून, त्यांवरून रोळ फिरवून, ते उचलून घेतल्यावर मागे उरणारे ठसे हा त्यांच्या प्रक्रियेचा महत्त्वाचा भाग होता. वर्षाकाठी मोजकीच चित्रे पूर्ण करणाऱ्या या कलावंताचा बहुतांश काळ चिंतनात जात असे. कागदाचा क्षुद्र कपटा आणि दीर्घ चिंतन यांची सांगड किती उच्च कोटीचे फळ देऊ शकते याचा याहून बलवत्तर दाखला शोधावयास नको. गायतोंडे यांचे समवयस्क, गोरेगावात जन्मलेले आणि पुढे न्यूयॉर्कला स्थायिक झालेले मोहन सामंत यांनीही कापलेल्या कागदाच्या आकृत्या आपल्या चित्रांत निःसंकोच वापरल्या. मुंबईत जन्मलेल्या भूपेन खक्कर यांनी १९६५ साली जहांगीर कलादालनातील आपल्या पहिल्या स्वतंत्र प्रदर्शनात बाजारात मिळणाऱ्या देवादिकांच्या छापील चित्रांचे भाग कापून, चिकटवून केलेली कामे मांडली. म्हणजे ज्याला आपण शाळकरी समजतो ते माध्यम आपल्या आधुनिक चित्रकलेच्या इतिहासात केव्हाच रुजू झालेले आहे.

आणि खोल पाहू गेल्यास ते आपल्या घरांतही पूर्वापार आहे. राजा रविवर्म्याच्या छापखान्यातून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वतींच्या चित्रांवर आपल्या आज्या-पणज्यांनी जरीची पातळे, टिकल्या आणि मणी चिकटवून त्या देवींना साजशृंगार चढविला, त्यांपैकी काही चित्रे जुन्या वाड्यांत अजून टिकून आहेत. छापील प्रतिमा सर्वांना सारखीच मिळाली होती. तिला आपली करून घेण्याची क्रिया त्या स्त्रियांनी केली. युरोपात १९१२ साली ब्राक आणि पिकासो यांनी लाकडाचा भास करणारा भिंतकागद, वर्तमानपत्र आणि मेणकापड चित्रात चिकटविले तेव्हा कलाजगतात क्रांती झाली असे इतिहासकार लिहितात, आणि ते यथार्थच आहे. पण आपल्या माजघरांत चाललेल्या या सर्जनाची नोंद कोणत्याही दप्तरात झाली नाही, ही खेदाची गोष्ट होय.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, व तो विचारात घेण्याजोगा आहे. दुसऱ्याने छापलेले, दुसऱ्याने रंगविलेले घेऊन जो चित्र करतो त्याने स्वतःचे असे काय निर्माण केले? उत्तर मराठवाड्यातील कोणत्याही घरी मिळेल. वाकळ शिवणारी बाई कापड विणत नाही आणि रंगवीतही नाही. जुन्या लुगड्याचा काठ, फाटक्या सदऱ्याची पाठ, लेकराचे आखूड झालेले झबले यांतून ती जे उभे करते त्यातील रंगसंगती आणि टाक्यांची ओळ तिची स्वतःचीच असते, आणि दोन घरच्या वाकळी कधी एकसारख्या होत नाहीत. द्रव्य उसने असले तरी योजना स्वतःची असू शकते, आणि कलेत मोल योजनेचे असते.

याहून गंभीर प्रश्न निराळाच आहे, आणि तो आमच्या जिल्ह्यापुरता विशेष महत्त्वाचा आहे. जुना कागद दिसला की तो कापण्याचा मोह कोलाजकाराला होतो. मोडी अक्षरांचे वळण, उर्दूची नजाकत, मुद्रांकांवरील शिक्के यांचे दृश्य सौंदर्य तसेच आहे. परंतु १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात असलेल्या या मुलखात जमाबंदीचे, इनामाचे, गावनोंदींचे कागद घरोघरच्या पेट्यांत पडलेले आहेत, आणि २०२३ साली अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटीच्या मराठा आरक्षण आंदोलनानंतर न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने निजामकालीन नोंदी धुंडाळावयास आरंभ केला तेव्हा अशा एकेका कागदाचे मोल काय असते हे सर्वांनी पाहिले. म्हणून कात्री चालविण्यापूर्वी कागद वाचावा, वाचता येत नसेल तर जाणत्यास दाखवावा, आणि दस्तऐवज असेल तर त्याची छायाप्रत काढून तीच वापरावी, हा या कलेचा नैतिक नियम समजला पाहिजे. निवडीचा अधिकार ज्याला हवा त्याने राखण्याचे कर्तव्यही पत्करावे.

टिकाऊपणाचाही विचार व्हावा. वर्तमानपत्राचा कागद लाकूड दळून केलेल्या लगद्याचा असतो, त्यातील लिग्निनामुळे तो उजेडात पिवळा पडतो आणि पुढे ठिसूळ होतो. म्हणून ज्यास आपले चित्र दीर्घकाळ टिकावे असे वाटते त्याने पायासाठी तरी चिंध्यांपासून केलेला हातकागद घ्यावा. त्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. शेजारच्याच छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, दौलताबाद आणि खुलताबाद यांच्या दरम्यान कागजीपुरा हे गाव आहे, तेथील हातकागदाची परंपरा महंमद तुघलकाने दौलताबादेस राजधानी हलविली त्या काळापर्यंत मागे नेली जाते. आणि पुण्यातील हातकागद संस्था १९४० पासून हे काम करीत आहे. मराठवाड्यातील कोलाजकारांनी हा कागद मागितला तर एक जुना व्यवसायही जगण्यास हातभार लागेल.

ज्यांना अजून ही कला दुय्यम वाटते त्यांनी शांतिनिकेतनच्या विनोदबिहारी मुखर्जींचे चरित्र ध्यानात घ्यावे. लहानपणापासून अधू असलेली त्यांची दृष्टी पन्नाशीनंतर शस्त्रक्रिया अयशस्वी होऊन पूर्णतः गेली, आणि तरीही पुढील वर्षांत त्यांनी रंगीत कागद कापून, स्पर्शाने त्यांच्या कडा पारखून, मनातल्या आराखड्याबरहुकूम जी कागदी चित्रे रचली ती आज भारतीय कलेचा मानबिंदू मानली जातात. सत्यजित राय यांनी १९७२ साली त्यांच्यावर अनुबोधपट काढला तो या अंतर्दृष्टीच्याच आदरापोटी. मांडणी प्रथम मनात होते आणि हात तिचे केवळ पालन करतात, हे त्यांनी निर्विवाद सिद्ध केले.

आता कर्तव्याचा भाग. शासकीय रेखाकला परीक्षांत, म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटमध्ये, वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती व अक्षरलेखन यांना स्थान आहे. कोलाजला स्वतंत्र स्थान नाही, ते देण्याची तजवीज व्हावी. शिक्षणहक्क कायदा २००९ च्या अनुसूचीत, सहावी ते आठवीचे शंभरांहून अधिक विद्यार्थी असणाऱ्या शाळेस कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा अशी तरतूद आहे. तिची अंमलबजावणी जिल्ह्यातील प्रत्येक पात्र शाळेत झाली पाहिजे, आणि जिल्हा परिषदेने त्याचा आढावा घेऊन तो जाहीर करावा. मुख्याध्यापकांनी आठवड्याची एक तासिका या कामास द्यावी, आणि त्या तासिकेत खळीची वाटी शेवटच्या दहा मिनिटांपर्यंत पुढे आणू नये. तोवर मुलांनी तुकडे हलवावेत, बदलावेत, एकमेकांना दाखवावेत. पालकांना माझी विनंती अशी की, या पेरणीनंतर बियाण्यांची रिकामी पाकिटे बांधावर टाकून न देता ती धुऊन, पुसून मुलांच्या स्वाधीन करावीत, आणि त्यांतून मुलाने जे घडविले ते घराच्या दर्शनी भिंतीवर लावावे.