मंजुळेचे पुढे काय?

‘ती फुलराणी’ पुन्हा रंगमंचावर आली की चर्चा होते ती नव्या मंजुळेची. १९७५ साली भक्ती बर्वे यांनी ही भूमिका अशी गाजवली की पुढच्या प्रत्येक अभिनेत्रीला, मग सुकन्या कुलकर्णी असोत वा अमृता सुभाष, त्यांच्याच मापाने मोजले गेले. स्वगताला टाळ्या पडल्या की प्रयोग जिंकला! माझे भांडण इथेच आहे.

शॉच्या ‘पिग्मॅलियन’मधली खरी बोच शेवटाकडे आहे. फुलवाली शुद्ध बोलायला शिकली; आता तिने करायचे काय? फुले विकणे जमणार नाही आणि बड्यांच्या जगात जागा नाही. शिकवणाऱ्याला त्याची फिकीर नाही. प्रेक्षकांना मात्र दोघांचे लग्न हवे होते, म्हणून शॉने १९१६ साली उपसंहार जोडून तिचे लग्न दुसऱ्याशीच लावले.

गोदाकाठच्या शहागडात हा प्रश्न पुस्तकी नाही. पुण्याला शिकायला गेलेला पोरगा ‘काय करायलास?’ म्हणणे सोडतो, कारण खोलीतले हसतात. दिवाळीत गावी येऊन ‘काय करतोयस?’ म्हणाला, की पारावरचे हसतात. शॉपुढे वर्ग होता. आपल्याकडे त्यात जातही मिसळते. भाषेला लावलेला ‘शुद्ध’ हा शब्दच सोवळ्याच्या दोरीवरून उतरलेला आहे. पुलंनी प्राध्यापकाचे आडनाव जहागीरदार ठेवले, ते उगाच नसावे.

नव्या मंडळींनी मंजुळेच्या बोलीवर हशा जरूर घ्यावा, पण शेवटच्या अंकात प्रेक्षकांनी जहागीरदारांना हसले पाहिजे. जालन्यात एक प्रयोग लावून पाहा. तिथे ते आपोआप होईल.