साथीतील विद्यापीठ

कोरोनाच्या साथीत नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाने आपल्या आवारात नमुने तपासण्याची प्रयोगशाळा उभी केली. १९९४ साली स्थापन झालेल्या, साधनांनी बेताच्या या संस्थेचे त्याबद्दल अभिनंदन करावे तितके थोडेच. परंतु शिकवणीविषयी आम्हांस निराळे बोलणे भाग आहे. परीक्षेवाचून पदवी नाही, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्ट २०२० रोजी दिला. तो आम्हांस मान्यच आहे. पण परीक्षा कशाची? लातूरच्या व्यापाऱ्याचा मुलगा घरबसल्या मोबाईलवर व्याख्यान ऐके. किनवट-माहूरच्या डोंगरांतील शेतमजुराच्या मुलीने काय करावे? घरात मोबाईल एकच, तोही बापाच्या खिशात. रेंज शोधीत टेकडी चढावी ती निराळीच. पक्षकारास नोटीस न पोहोचविता निकाल दिला, तर आम्ही वकील मंडळी केवढा आकांत करतो! येथे व्याख्यानच न पोहोचता प्रश्नपत्रिका पोहोचली.

साथ ओसरली, तरी ही उणीव ओसरलेली नाही. तालुक्याच्या प्रत्येक महाविद्यालयात संगणकांसह अभ्यासिका रात्रीपर्यंत खुली राहील, अशी तरतूद विद्यापीठाने अंदाजपत्रकात करावी. सरकारी अनुदानाची वाट पाहण्यात वर्षे जातील; म्हणून नांदेड-लातूरच्या पेढीवाल्यांनी पहिली थैली सोडावी, अशी आमची त्यांस विनंती आहे.